दारं उघडा म्हणेपर्यंत

आमच्या सभागृहाला तीन दारं आहेत. बाजूची दोन कोणीही सांभाळतं, पण मधलं मोठं दार सव्वीस वर्षं मामांचं होतं. मामा म्हणजे दारपाल. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, पण हजेरीपुस्तकाबाहेर ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मंत्र्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि मामाही सगळ्यांना भाच्यांसारखं धाकात ठेवत, तेही आवाज न चढवता.

मी तिथं लघुलेखक. सभागृहात जे बोललं जातं ते लिहायचं, एवढंच माझं काम. दिसतं ते लिहायचं नाही. कुणी टेबलावर मूठ आपटली तर ती मूठ माझ्या वहीत येत नाही. कुणी मान हलवून हो म्हटलं तर ते हो नोंदलं जात नाही. सदस्य नसलेल्या माणसाचं बोलणंही लिहायचं नाही, मग तो कितीही शहाणं बोलो. या कामाचा मला कंटाळा आहे असं मी दर सोमवारी म्हणते आणि दर मंगळवारी पेन्सिलींना टोक करून ठेवते. आमचं बाक मधल्या दाराच्या शेजारी, भिंतीला लागून. त्यामुळे मामींनी आपल्या नवऱ्याला जितकं पाहिलं नसेल तितकं मी पाहिलंय. शिवाय कर्मचाऱ्यांच्या चाळीवजा इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे, म्हणजे सुटका कुठेच नव्हती.

दाराचं काम ऐकायला सोपं आहे. मतदान घ्यायचं ठरलं की तीन मिनिटं घंटा वाजते. घंटा थांबली की अध्यक्ष म्हणतात, “दारं बंद करा.” मामा दार लावून किल्ली फिरवत; बाजूची दोन दारं मामांचं उघडल्याशिवाय उघडत नसत. मग आतला आत, बाहेरचा बाहेर. मोजणी होते, निकाल सांगतात, आणि अध्यक्ष म्हणतात, “दारं उघडा.” मामा किल्ली उलटी फिरवत. दोन वाक्यं आणि किल्लीचे दोन वळसे, यावर माणसानं आयुष्य काढलं. एकदा घाईत आत शिरणाऱ्या एका मंत्र्याच्या कोटाचं टोक दारात सापडलं. टोक आत, मंत्री बाहेर. सात मिनिटं मामा त्या टोकाशेजारी उभे राहिले. आदेश आल्यावर दार उघडलं, टोक हातानं सरळ केलं आणि म्हणाले, “साहेब, इस्त्री मोडली थोडी.” मंत्र्यांनी तक्रार केली. चौकशीत मामांचंच बरोबर निघालं. तेव्हापासून ते दार म्हणजे दगडावरची रेघ.

दार लावल्यावर ते दाराला पाठ टेकून, तोंड सभागृहाकडे करून, हात मागे घेऊन उभे राहायचे. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा, खालचा लाकडाचा. कुलूप लाकडात, बरोबर त्यांच्या कमरेमागे. किल्ली तिथंच हातात. समोरून पाहणाऱ्याला फक्त एक सरळ माणूस दिसायचा. हे लक्षात ठेवा, मला पुढे याचं काम आहे.

आता गोटी. तिचं खरं नाव छान लांबलचक आहे, पण तीन वर्षांची असताना ती इतकी गोल होती आणि खोलीभर अशी गडगडत फिरायची की मामींनी तिला गोटी केलं. ती मामांच्या शेजारच्या भाडेकरू बाईची मुलगी. बाई परदेशी कामाला गेली. “दोन महिन्यांत येते,” म्हणून पोरीला मामींकडे ठेवून गेली. दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही. मामांनी कुठं कुठं अर्ज केले, कुणाकुणाला विचारलं, ते मी सांगत बसत नाही. बाई जिवंत असल्याचंही कळलं नाही आणि गेल्याचंही कळलं नाही. बाप कोण हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. मामा-मामींना मूल नव्हतं. त्यांनी पोरीला जीव लावला आणि वाढवलं, आणि ती त्यांना मामा-मामीच म्हणत राहिली.

पण कागदावर ती कुणाचीच नव्हती. दत्तक घ्यायचं तर आईची सही हवी किंवा आईच्या मृत्यूचा दाखला हवा. दोन्ही नाही. म्हणून दरवर्षी “तात्पुरता ताबा” असं लिहिलेलं एक कार्ड मिळायचं, त्यावर आईवडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. हे कार्ड अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर ते रद्द, आणि मुलगी कुठल्याच कुटुंबाच्या नोंदीत नाही. गोटीला नर्सिंगला जायचं होतं आणि त्या प्रवेशाला पालकांची नोंद लागायची. पण ती मला म्हणायची, “मावशी, कॉलेज गेलं खड्ड्यात. मला ती रेघ बघवत नाही. पंधरा वर्षं या घरात जेवतेय आणि कागदावर मी पाहुणी.”

आणि मग एका अधिवेशनात डॉक्टरीणबाईंनी एका विधेयकाची सूचना दिली. त्या मुलांच्या डॉक्टर होत्या, नंतर निवडून आल्या. विधेयक दोन पानी: मूल सोडून गेलेल्याचा पत्ता नसेल आणि कुणी ते सलग दहा वर्षं सांभाळलं असेल, तर सांभाळणाऱ्याचं नाव आईबाप म्हणून लागावं, सही नको, दाखला नको. शेवटी एक कलम होतं. विधेयक सभागृहात मांडलं जाईल त्या दिवशी ज्याची अठरा पूर्ण झाली नसतील, त्यालाच याचा लाभ.

सूचना आली त्या दिवशी मामा विधेयकाची प्रत घेऊन माझ्याकडे आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“बाई, मांडल्याच्या दिवशी, असंच लिहिलंय ना? मंजूर झाल्याच्या दिवशी नाही?”

“मांडल्याच्या.”

“मंजूर नंतर कधीही झालं तरी चालेल?”

“चालेल. मांडलं गेलं पाहिजे, बस्स.”

मांडणं म्हणजे काय, तर सदस्यानं उभं राहून परवानगी मागायची, सभागृहानं हो म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. सदस्यांच्या खाजगी विधेयकांना फक्त शुक्रवारची दुपार असते, आणि त्या अधिवेशनात चार शुक्रवार होते. गोटीला अठरा पूर्ण होणार होती चौथ्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी. चार शुक्रवार आणि दोन मिनिटं. मामा जिना उतरताना शीळ घालत होते. मामांना शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या शुक्रवारी छापखान्यानं घोळ घातला. विधेयकाच्या प्रती दोन दिवस आधी सगळ्या सदस्यांच्या कप्प्यांत पडाव्या लागतात. पडल्या. पण दोन पानांच्या विधेयकात पहिलं पान दोनदा आणि दुसरं गायब. शेवटचं कलम, ज्यावर आमचा जीव टांगलेला, तेच कुणाच्या हातात नाही. पुन्हा छापा, पुन्हा वाटा, पुढच्या शुक्रवारी या.

दुसऱ्या शुक्रवारी नियमकाका उठले. हे सभागृहातले सर्वांत म्हातारे सदस्य. नियमांचं पुस्तक ते उशाशी घेऊन झोपतात असं म्हणतात. या विधेयकाला त्यांचा उघड विरोध होता. नाती कायद्यानं चिकटवायची नसतात, असं ते म्हणायचे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “सभागृहात चाळीस जण आहेत का?” चाळीसपेक्षा कमी असले तर कामकाज थांबतं. मोजलं, एकोणचाळीस. शोधाशोध झाली. चाळिसावा तळमजल्यावर केस कापणाऱ्याच्या खुर्चीत सापडला, एक गाल साबणाचा, एक गाल गुळगुळीत. “आलोच,” म्हणाला. तो तोंड पुसून येईपर्यंत बैठक त्या दिवसापुरती तहकूब झालीसुद्धा.

त्या आठवड्यात मामांची शीळ बंद झाली. किल्ली या खिशातून त्या खिशात जायला लागली. घरी ते संध्याकाळी चार-चारदा उठून कडी लागलीय का बघत. माझ्या छतावर त्यांची पावलं ऐकू यायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मामी म्हणाल्या, “अहो, आता त्या कडीला तरी जरा बसू द्या.” गोटी हसली. तिला हसू यायचं तेव्हा अजून.

तिसऱ्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या जागेवरचा माइक बंद पडला. शेजारच्या सदस्यानं मोठ्या मनानं आपली जागा दिली. त्या तिथं उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. नियमकाका उठले. सदस्यानं स्वतःच्याच जागेवरून बोललं पाहिजे. दुसऱ्याच्या जागेवरून बोललेलं बोललंच नाही असं धरतात. वाद सुरू झाला. माइकवाला आला, खाली वाकला, वायर धरून बसला. त्याचं डोकं खाली असतानाच घड्याळात सहा वाजले आणि वेळ संपली. मी ते सगळं शब्दशः लिहिलं, अकरा पानं, आणि त्यात काहीही झालं नव्हतं. माझं डोकं इतकं फिरलं की बाहेर येऊन मी माइकवाल्यावरच ओरडले, आणि त्या बिचाऱ्यानं माझी माफी मागितली.

मामांनी कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं की या विधेयकाशी त्यांच्या घरचं काही आहे. डॉक्टरीणबाईंनाही नाही. मी म्हटलं, “सांगा तरी त्यांना. त्या जास्त जपतील.”

“दाराशी उभ्या माणसाला आत कुणी आपलं नसतं, बाई.”

मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

चौथा शुक्रवार. अध्यक्षांची दाढ सुजलेली, म्हणून खुर्चीत तालिकेवरचे एक सदस्य बसले होते. अध्यक्ष नसले की बसवायला चार-पाच नावं ठरलेली असतात, त्यांतले. हे पूर्वी शाळामास्तर होते, आणि खुर्चीत पहिल्यांदाच. अशा माणसाला सचिवांच्या कार्यालयातून टंकलेल्या चिठ्ठ्या देतात: आता हे म्हणा, मग ते म्हणा. मास्तर एकेक चिठ्ठी नीट वाचत होते आणि पालथी घालत होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं की मला धास्ती वाटते.

यादीत तिसरं काम एक ठराव होता, वाचनालय अर्धा तास जास्त उघडं ठेवण्याचा. चौथं काम, डॉक्टरीणबाईंचं विधेयक. पावणेपाचला टेबलावरच्या कारकुनानं त्यांच्या सूचनेवर बोट ठेवलं: सहीखाली तारीख गेल्या शुक्रवारची होती. नवी सही, नवा शिक्का हवा. शिक्का त्यांच्या खोलीत, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. त्या कागद घेऊन अक्षरशः पळाल्या. आणि तेवढ्यात वाचनालयाच्या अर्ध्या तासावर कुणीतरी मतदान मागितलं.

घंटा वाजली. तीन मिनिटं. मामा दाराशी उभे राहून बाहेरच्या लांब मार्गिकेकडे बघत होते. इतकं वळून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घंटा थांबली. “दारं बंद करा,” मास्तरांनी वाचलं. मामांनी दार लावलं, किल्ली फिरवली, पाठ टेकली. आणि तेव्हाच काचेच्या पलीकडे डॉक्टरीणबाई येऊन थडकल्या. केस सुटलेले, हातात कागद.

मला काळजी वाटली नाही. मोजणी होईल, निकाल सांगतील, दारं उघडा म्हणतील, त्या आत येतील, मग चौथं काम. झालं.

मोजणी झाली. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, “ठराव नामंजूर.” ती पालथी घातली. पुढची उचलली. “पुढचं काम, क्रमांक चार.”

मी पेन्सिल थांबवली. वाक्य राहिलं होतं. नंतर मी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. “दारं बंद करा” हे प्रत्येक चिठ्ठीवर आहे, कारण त्याच्या आधी मतदानाची लांब कायदेशीर भाषा वाचावी लागते. “दारं उघडा” हे कुठल्याच चिठ्ठीवर नाही. ते प्रत्येक अध्यक्षाला तोंडपाठ असायचं, म्हणून इतक्या वर्षांत कुणी टंकलंच नव्हतं. आणि टंकलं नव्हतं म्हणून मास्तर ते म्हणाले नाहीत. आत कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे कागद चाळत होते.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंचं नाव पुकारलं. नियम असा, की नाव तीनदा पुकारायचं, मधे अर्धा-अर्धा मिनिट थांबायचं.

मामा हलले नाहीत. त्यांच्या डोक्यामागे, काचेवर, डॉक्टरीणबाई बोटाच्या पेरानं वाजवत होत्या. टक टक टक. मामांची नजर समोर खुर्चीवर खिळलेली. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते मास्तरांना मनातल्या मनात ते वाक्य सांगत होते. मीही सांगत होते. मला बोलायची परवानगी नाही, त्यांना बोलायची परवानगी नाही. दोन माणसांना काय चुकलंय ते पक्कं माहीत, आणि दोघंही मुकी.

दुसऱ्यांदा नाव पुकारलं.  मामांचा चेहरा घामानं चकाकत होता.

बाजूला बसलेल्या मला त्यांचे मागचे हात दिसत होते. समोरून कुणालाच दिसत नव्हते. उजव्या हातानं किल्ली घट्ट धरली होती. तिसऱ्यांदा नाव पुकारलं. आणि किल्ली फिरली. खट्.

मी ऐकलं. काचेवरच्या टकटकीत पलीकडे ते ऐकू गेलं नसेल, आत तर नाहीच. कुलूप निघालं होतं. आता फक्त एक पाऊल बाजूला व्हायचं आणि दार ओढायचं. मामांनी डावा पाय उचलला.

“सदस्या उपस्थित नाहीत. पुढचं काम, क्रमांक पाच.”

पाय तिथंच राहिला, मग खाली आला. क्षणभर ते तसेच उभे होते, डोळे मिटून. मग पाठीमागे किल्ली पुन्हा फिरली. खट्. तो आवाज मी लिहिला नाही. तो शब्द नव्हता.

क्रमांक पाचवाले सदस्य बागेतल्या बाकांवर बोलायला लागले. मी लिहीत होते. काय लिहिलं ते आजही वाचवत नाही. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नियम पाळला म्हणावं तर मोडला होता, आणि मोडला म्हणावं तर उपयोग शून्य. डॉक्टरीणबाईंची टकटक थांबली होती.

सातआठ मिनिटं गेली असतील. नियमकाका उठले. त्यांचं वय आणि दुपारचे दोन कप चहा. त्यांना बाहेर जायचं होतं, आणि तातडीनं जायचं होतं. दाराशी आले. “मामा, उघडा.”

“आदेश नाही, साहेब,” मामा हळूच म्हणाले.

नियमकाका थबकले. काचेपलीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे गप्प बसतील. विधेयक पडलंय, यांना हवं तेच झालंय. पण हा म्हातारा वेगळाच होता. पाय आवळून, काठी टेकत ते पुन्हा आपल्या जागेपर्यंत चालत गेले, कारण स्वतःच्याच जागेवरून बोलायचं असतं.

“हरकतीचा मुद्दा. दारं उघडण्याचा आदेश दिला गेलेला नाही. दारं बंद असताना सभागृह फक्त मतदान करू शकतं, दुसरं काही नाही. तेव्हा निकालानंतर आपण जे केलं, ते आपण केलंच नाही.”

मास्तरांनी चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. गलका झाला. नियमकाकांनी हात वर केला. “माझं संपलेलं नाही. सचिवांनी दारपालाला विचारावं, की निकालानंतर कुलूप एकदा तरी निघालं होतं का. निघालं असेल तर मतदान तिथंच संपलं असं धरतात, मग पुढचं सगळं रीतसर आहे. निघालं नसेल तर चौथ्या कामापासून पुन्हा.”

सचिव टेबलावरून उठून दाराकडे यायला निघाले. वीस पावलं असतील. ती वीस पावलं मला अजून स्वप्नात येतात. मला माहीत होतं, मामा सव्वीस वर्षांत खोटं बोललेले नाहीत. एकदा पाच मिनिटं उशिरा आले तर स्वतःच हजेरीवर लाल शाईनं उशीर लिहिणारा माणूस. आणि त्यांना खरं बोलायचं तर एकच शब्द होता.

“मामा, कुलूप मधे निघालं होतं?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सचिवांकडे नाही, माझ्याकडे. मी वहीत बघायला लागले.

“नाही, साहेब. लागलेलंच होतं.”

सदस्य नसलेल्याचं बोलणं लिहायचं नसतं. माझ्या वहीत एवढंच आहे: सचिवांनी दाराबाबत खात्री करून घेतली.

“दारं उघडा,” मास्तर म्हणाले. मामांनी किल्ली दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली. तिसऱ्यांदा बरोबर. नियमकाका बाहेर धावले, डॉक्टरीणबाई आत आल्या, आणि पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या जागेवरून, त्या दिवसाच्या तारखेच्या सहीनिशी विधेयक मांडलं. विरोध करायला नियमकाका जागेवर नव्हते. सभागृहानं हो म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि एका ओळीवर पडलं; ती ओळ मी घरी जाऊन पुन्हा लिहिली.

संध्याकाळी मी वर गेले. मामींनी गोड केलं होतं, पण वाट्या तशाच भरलेल्या होत्या. कामकाज टीव्हीवर दाखवतात. कुणी बघत नाही, पण त्या दिवशी गोटीनं दुपारपासून बघितलं होतं. तिला काय दिसलं, तर डॉक्टरीणबाई मामाच्या डोक्यामागे काच वाजवतायत, तिचं नशीब पुकारलं जातंय, आणि मामा मान वळवत नाहीये.

मामा बुटांचे बंद सोडत बसले होते. गोटी खिडकीशी.

“मामा, तुला माहीत होतं का, नंतर असं सगळं उलटेल ते?”

“नाही.”

“म्हणजे त्या वेळी तुला वाटलं की गेलं.”

“हो.”

“तरी तू दार उघडलं नाहीस.”

मामांचा हात बंदावर थांबला. “आदेश नव्हता, बाळ.”

“डॉक्टरांच्या जागी मी असते बाहेर तर?”

ते गाठ नसलेल्या बंदाची गाठ सोडवत बसले. गोटी म्हणाली, “बरं.” त्या दोन अक्षरांत मी जे ऐकलं ते मी कुणाच्या तोंडून पुन्हा ऐकू इच्छित नाही. ती आतल्या खोलीत गेली. उद्या तिचा वाढदिवस होता.

मी निघाले तर मामा जिन्यापर्यंत आले.

“बाई, तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“लिहिलंत?”

“शब्द नव्हता तो, मामा.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “तिला सांगू नका. तिचं नाव आता माझ्या त्या उत्तरावर उभं आहे. ते कुणाच्या कानावर गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि तिला काय वाटेल?”

“वाटू दे.”

मी मान हलवली. संतापानं माझे कान गरम झाले होते. आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली या माणसानं, ती पोरीसाठी मोडली, आणि पोरीसमोर असा बसला की जणू तिच्यापेक्षा किल्ली मोठी.

सोमवारी मामांनी सचिवांना किल्ली परत दिली. गुडघे दुखतात म्हणाले, सदस्यांचे कोट आणि छत्र्या ठेवायच्या खोलीत बदली मागितली. सगळ्यांना पटलं. म्हातारपण पटतंच लोकांना. जाता-येता मला ते खोलीत कोट खुंट्यांवर लावताना दिसायचे, प्रत्येकाचं टोक हातानं सरळ करताना. आणि गोटी त्यांच्याशी पाहुणीसारखी गोड वागायला लागली. पाणी देऊ का, छत्री घेतलीस का. पूर्वी ती त्यांच्याशी भांडायची.

पुढे सरकारनं ते विधेयक आपलं म्हणून उचललं, तारखेचं कलम होतं तसंच ठेवलं, आणि चौदा महिन्यांनी कायदा झाला. एका रविवारी सकाळी गोटी नोंदणीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. माझं टेबल मोठं आहे आणि पेनं चांगली असतात, असं म्हणाली. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भराभर लिहिलं. आईच्या रकान्यात मामींचं नाव लिहिलं. मग वडिलांच्या रकान्याशी पेन थांबलं. टोपण लावलं, काढलं, लावलं.

“मावशी, तू तिथं होतीस. तो खरंच जागचा हलला नाही का गं?”

कायदा झाला की तो मांडताना काय झालं होतं ते कुणी विचारत नाही, हे मला माहीत होतं. आणि मी मामांना शब्द दिला नव्हता, मान हलवली होती. मान हलवलेली आमच्याकडे नोंदली जात नाही.

मी उठले, माझ्या कपाटाशी गेले, पाठ टेकून उभी राहिले, हात मागे घेतले आणि किल्ली फिरवली. खट्.

“हा तिसऱ्या हाकेला,” मी म्हटलं. “पाय उचलला होता. तेवढ्यात पुढचं काम पुकारलं.” मग किल्ली उलटी फिरवली. खट्. “हा त्यानंतर.”

गोटी माझ्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिला सगळं जुळत गेलं: सचिवांचा प्रश्न, मामाचं उत्तर, सोमवारी परत दिलेली किल्ली.

“म्हणजे तो खोटं बोलला.”

“हो.”

“मामा?”

“हो.”

ती हसायला लागली आणि मग हसणं मोडलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली, इतकी, की मला अर्ज ओढून बाजूला घ्यावा लागला. वर मामांची पावलं वाजत होती, इकडून तिकडे. तिनं तोंड पुसलं, अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि वडिलांच्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव लिहिलं, जे हजेरीपुस्तकाबाहेर मी पहिल्यांदाच कुठे लिहिलेलं पाहत होते. शाईवर फुंकर घातली. खाली छापलेलं होतं: वरील सर्व माहिती खरी आहे.

“यात खोटं काही नाही ना, मावशी?”

“यात नाही,” मी म्हटलं. “कर सही.”